‘टक्’ न करता आवाज चढवायचा-उतरवायचा कसा: वेब ऑडिओतल्या बदलांचं वेळापत्रक

वेबपेजवर आवाज वाजवणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड जातं ते वाजणारा आवाज सावकाश वाढवणं, सूर सरकवणं, एका आवाजातून दुसऱ्यात अलगद शिरणं. बहुतेक पेजेसवर या जागी एक बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. स्पीकर खराब आहे असं वाटून माणूस हेडफोन बदलतो, पण दोष कोडमध्ये असतो. आवाजाची पातळी एका क्षणात ०.२ वरून ०.८ वर नेली की लाटेच्या आलेखात उभी भिंत तयार होते आणि ती भिंत कानाला टक् म्हणून ऐकू येते.

वेब ऑडिओ एपीआयमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमधून आवाज तयार करण्याच्या ब्राउझरमधल्या सोयीत, यावरचा इलाज आधीपासूनच आहे. हे एपीआय १७ जून २०२१ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत मानक झालं. त्यात गेन (आवाजाची पातळी), फ्रीक्वेन्सी, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) अशा प्रत्येक बदलत्या राशीला ऑडिओ-पॅराम म्हणतात आणि अशा प्रत्येक पॅरामला स्वतःचं वेळापत्रक असतं. अमुक सेकंदाला अमुक किंमत, इथून तिथपर्यंत सरळ रेषेत, तिथून पुढे घसरत, असं आधीच लिहून ठेवायचं. पुढचं काम ब्राउझरचा ऑडिओ धागा (थ्रेड) करतो.

उदाहरण म्हणून मालवणजवळच्या देवबागच्या एका न्याहारी-निवासासाठी केलेलं पेज घेतो. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, त्यामुळे पेजवर गाज हवीच. त्यात भरतीची सरकपट्टी आहे, डावीकडून उजवीकडे जाणारी एक इंजिनाची होडी आहे आणि ‘आवाज सुरू/बंद’ असं एक बटण आहे. जावास्क्रिप्टची तोंडओळख असेल तर पुढचं सगळं जमेल.

नावांबद्दल आधीच सांगून ठेवतो. पद्धतींची नावं मी उच्चाराप्रमाणे, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहितोय. कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि सलग लिहायची, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून. चलांची नावं मात्र जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीत खुशाल चालतात. ‘आता’ किंवा ‘भरती’ नावाचा चल कुठल्याही आजच्या ब्राउझरात मुकाट चालतो.

मांडणी

सगळ्यात आधी ऑडिओ-कॉन्टेक्स्ट, म्हणजे आवाजाची सगळी जोडणी जिच्या आत राहते ती वस्तू. वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होणार नाही, हा नियम क्रोमने वेब ऑडिओला ७१ व्या आवृत्तीपासून लावला आणि बाकीचे ब्राउझरही असंच वागतात. म्हणून बटणाच्या क्लिकमध्येच कॉन्टेक्स्टचं रिझ्यूम बोलवा. पेज लोड होतानाच कॉन्टेक्स्ट बनवला तर तो ‘सस्पेंडेड’ अवस्थेत पडून राहतो. त्याचं घड्याळही थांबलेलं असतं आणि पुढचे सगळे हिशेब कोड्यात टाकतात.

गाजेसाठी रेकॉर्डिंग लागत नाही. दहा-बारा सेकंदांचा बफर घ्या, त्यात उणे १ ते १ मधल्या यादृच्छिक किमती भरा आणि लूप चालू ठेवा. बफर दोन सेकंदांचा ठेवलात तर त्याची पुनरावृत्ती कान पकडतो. तिथून पुढे लोपास फिल्टर (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचा आवाज गाळणारा), मग गेन, मग डेस्टिनेशन (स्पीकर). फिल्टर ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवला की लांबची गाज वाटते, १,५०० च्या पुढे नेला की लाट पायाशी फुटल्यासारखी वाटते. गेनची सुरुवातीची किंमत ० ठेवा.

घड्याळ एकच धरा

इथे दोन घड्याळं असतात. एक जावास्क्रिप्टचं: सेटटाइमआउट, रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम वगैरे. दुसरं कॉन्टेक्स्टचं करंट-टाइम, जे सेकंदांत असतं, शून्यापासून सुरू होतं आणि आवाजाच्या हार्डवेअरबरोबर चालतं. वेळापत्रकाला फक्त दुसरं चालतं. ब्राउझर आवाज १२८ नमुन्यांच्या (सॅम्पल्सच्या) घासाघासाने तयार करतो. ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नमुने) एक घास सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो आणि करंट-टाइम तेवढ्याच पावलांनी पुढे सरकतं.

ॲनिमेशन-फ्रेममध्ये दर वेळी गेन थोडा-थोडा वाढवायचा, ही युक्ती बऱ्याच ठिकाणी दिसते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्याचं पाऊल सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं पडतं, म्हणजे रेषेऐवजी जिना तयार होतो आणि प्रत्येक पायरीला बारीक खरखर येते. त्यातून टॅब मागे गेला तर तो जिना अर्ध्यावरच थांबतो. ही पद्धत सोडाच.

सगळे पॅराम सारखे नसतात, तेही लक्षात ठेवा. गेन, ऑसिलेटरची (सूर तयार करणाऱ्या नोडची) फ्रीक्वेन्सी आणि स्टिरिओ पॅन यांची किंमत प्रत्येक नमुन्याला नव्याने मोजली जाते. बफर-सोर्सचा प्लेबॅक-रेट किंवा कॉम्प्रेसरची बटणं १२८ नमुन्यांच्या घासाला एकदाच मोजली जातात. म्हणून त्यांच्यावर फार झपाट्याचे बदल गुळगुळीत येत नाहीत.

आधी नांगर, मग रेषा

लिनिअर-रॅम्प-टू-व्हॅल्यू-ॲट-टाइम ही पद्धत दोनच गोष्टी घेते: शेवटची किंमत आणि शेवटची वेळ. सुरुवात कुठून करायची हे तिला कुणी सांगत नाही. ती वेळापत्रकातली आधीची नोंद शोधते आणि त्या नोंदीच्या वेळेपासून रेषा ओढते. अर्धेअधिक ‘टक्’ इथूनच येतात, म्हणून जरा आकडे मांडून बघू.

समजा शून्याव्या सेकंदाला गेन ०.२ ठेवला आणि पुढे काहीच केलं नाही. चाळिसाव्या सेकंदाला पाहुण्याने बटण दाबलं. तुम्ही लिहिलंत: बेचाळिसाव्या सेकंदाला ०.८ वर पोच. तुमच्या मनात दोन सेकंदांचा चढ आहे. ब्राउझर मात्र (०, ०.२) पासून (४२, ०.८) पर्यंत बेचाळीस सेकंदांची रेषा ओढतो. चाळिसाव्या सेकंदाला त्या रेषेवरची किंमत असते ०.२ + ०.६ × ४०/४२, म्हणजे जवळपास ०.७७. गेन तत्क्षणी ०.२ वरून ०.७७ वर उडी मारतो आणि उरलेले दोन सेकंद ०.८ कडे रांगत राहतो. ऐकणाऱ्याला टक् ऐकू येतो, चढ नाही.

होडी लावायची तर आधी नांगर टाकतात, तसा प्रत्येक रॅम्पच्या, म्हणजे अशा चढ-उताराच्या, आधी वेळापत्रकात नांगर टाकायचा. म्हणजे ‘या क्षणी किंमत इतकी आहे’ अशी स्पष्ट नोंद करायची:

आता = कॉन्टेक्स्ट.करंटटाइम
गेन.सेट-व्हॅल्यू-ॲट-टाइम(०.२, आता)
गेन.लिनिअर-रॅम्प-टू-व्हॅल्यू-ॲट-टाइम(०.८, आता + २)

पॅरामला थेट व्हॅल्यू देणं म्हणजे आतून हीच पहिली नोंद ‘आता’ या वेळेला करणं. जुन्या क्रोममध्ये थेट दिलेली गेनची किंमत ब्राउझर स्वतःच थोडी गुळगुळीत करत असे. ती सोय पुढे काढून टाकली, त्यामुळे त्या काळातलं कोड आज टकटक करतं.

फक्त टक् टाळायचा असेल तर १० ते ३० मिलिसेकंदांची रेषा पुरते. लांब चढ-उताराला मात्र रेषा नेहमी बरी वाटेलच असं नाही. आवाजाची पातळी कान गुणोत्तराने मोजतो. ०.८ वरून ० कडे सरळ रेषेत उतरताना बराच वेळ काही बदलत नाहीये असं वाटतं आणि शेवटी आवाज एकदम गळून पडतो.

गुणोत्तराचा उतार

एक्स्पोनेन्शियल-रॅम्प-टू-व्हॅल्यू-ॲट-टाइम दर क्षणाला किंमत त्याच पटीत बदलते. सुरांसाठी हीच योग्य, कारण सप्तक चढलं की फ्रीक्वेन्सी दुप्पट होते. २२० पासून ८८० हर्ट्झपर्यंत रेषेने गेलात तर मध्यावर ५५० येतात, गुणोत्तराने गेलात तर ४४०. कानाला मध्य वाटतो तो ४४० चा.

हिची अट एकच, पण कडक आहे: शून्य चालत नाही. शेवटची किंमत ० दिली तर ब्राउझर रेंज-एरर फेकतो. सुरुवातीची ० असेल तर चूक दाखवत नाही, पण किंमत शेवटपर्यंत जागची हलत नाही आणि अखेरच्या क्षणी उडी मारते. हे दुसरं जास्त त्रासदायक, कारण कन्सोलमध्ये काहीच दिसत नाही.

मग ० ऐवजी ०.०००१ लिहिण्याचा रिवाज आहे. तो मला फारसा पटत नाही. ०.८ वरून ०.०००१ वर दोन सेकंदांत उतरलात तर मध्यावर, म्हणजे एका सेकंदाला, गेन ०.००९ च्या आसपास असतो. आवाज तिथेच जवळजवळ संपलेला असतो, दुसरा सेकंद वाया जातो. ०.०१ पर्यंत गुणोत्तराने आणा (मध्यावर साधारण ०.०९ राहतो) आणि तिथून ०.०३ सेकंदांच्या सरळ रेषेने ० वर न्या. दोन्ही नोंदी एकामागे एक असल्या की पहिलीचा शेवट दुसरीचा नांगर होतो, वेगळा टाकावा लागत नाही. ऑसिलेटर किंवा बफर थांबवायचा असेल तर स्टॉपची वेळ या शेवटानंतरची द्या, नाहीतर केलेली सगळी मेहनत फुकट.

होडीसाठी दोन रॅम्प एकाच वेळी लागतात. पॅन उणे १ वरून १ वर बारा सेकंदांत सरळ रेषेने न्यायचा आणि इंजिनाचा सूर जवळ येऊन पुढे गेल्यावर थोडा खाली आणायचा. हिशेबाने हा फरक अगदी किरकोळ आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, आणि हवेतला आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर. म्हणजे सूर जेमतेम दीड टक्का वर किंवा खाली सरकतो. एवढा ठेवलात तर कुणाला कळणार नाही. मी दुप्पट-तिप्पट करतो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

सरकपट्टीला सेट-टार्गेट

सरकपट्टी ओढताना सेकंदाला कितीतरी वेळा नवी किंमत येते. प्रत्येक वेळी नांगर टाकून रॅम्प लावत बसणं वैतागाचं आहे. इथे सेट-टार्गेट-ॲट-टाइम वापरायची. ती लक्ष्य, सुरुवातीची वेळ आणि टाइम-कॉन्स्टंट घेते. त्या वेळी जी किंमत असेल तिथूनच ती निघते, म्हणून आधीच्या नोंदीची चिंता नाही. नवी किंमत आली की जुनं लक्ष्य सोडून तिथूनच नव्या दिशेला वळते.

टाइम-कॉन्स्टंट म्हणजे पोचायला लागणारा वेळ नव्हे. एवढ्या वेळात उरलेल्या अंतरापैकी सुमारे ६३ टक्के अंतर कापलं जातं. तिप्पट वेळात ९५ टक्के, पाचपट वेळात ९९ टक्क्यांहून थोडं जास्त. लक्ष्य तंतोतंत कधीच गाठलं जात नाही. सरकपट्टीला ०.०२ ते ०.०५ बरं पडतं. त्याहून मोठं ठेवलं तर पट्टी थांबल्यावरही आवाज रेंगाळतो. इथे लक्ष्य ० चालतं, त्यामुळे घंटेसारख्या आवाजाच्या विरण्यासाठीही हीच पद्धत सोयीची.

मध्येच थांबवणं

पेज पहिल्यांदा निवासाच्या मालकांना दाखवलं तेव्हा त्यांनी बटण एकदा दाबलं, चढ पूर्ण व्हायच्या आत पुन्हा दाबलं.

“अरे झिला, ह्या मधीच टक् कित्या करता?”

“काका, जरा थांबून दाबा ना.”

“पावणे इले तर तेंका ह्या सांगत बसू?”

काकांचं बरोबर आहे. लोक बटणं अशीच दाबतात.

झालं असं: चढ सहा सेकंदांचा, गेन ० वरून ०.८ कडे निघालेला. तिसऱ्या सेकंदाला तो ०.४ वर होता. ‘बंद’ दाबल्यावर कॅन्सल-शेड्यूल्ड-व्हॅल्यूज बोलावलं गेलं. ही पद्धत दिलेल्या वेळेच्या आणि त्यापुढच्या नोंदी पुसते. रॅम्पची नोंद तिच्या शेवटच्या वेळेला, म्हणजे सहाव्या सेकंदाला बसलेली असते, त्यामुळे अर्धवट झालेला रॅम्प अख्खाच पुसला जातो. मागे उरतो फक्त नांगर, आणि गेन ०.४ वरून सरळ ० वर आपटतो.

यासाठी कॅन्सल-अँड-होल्ड-ॲट-टाइम नावाची पद्धत आहे. ती चालू रॅम्प दिलेल्या क्षणी कापते आणि तिथली किंमत धरून ठेवते. फायरफॉक्समध्ये ती बराच काळ नव्हती, म्हणून वापरण्याआधी ती आहे का हे तपासावं लागतं. दुसरी खोच कमी लोकांच्या लक्षात येते. त्या क्षणी एकही रॅम्प चालू नसेल तर ती नवा नांगर टाकत नाही. तिच्यामागे लगेच रॅम्प लावलात तर तो पुन्हा कुठल्यातरी जुन्या नोंदीपासून निघतो, आणि वरचं बेचाळीस सेकंदांचं गणित परत समोर येतं.

पॅरामची व्हॅल्यू वाचून तिचा नांगर टाकावा, हा विचार साहजिक आहे. पण फायरफॉक्समध्ये वेळापत्रक चालू असताना वाचलेली व्हॅल्यू बराच काळ खरी नसायची, शेवटची थेट दिलेली किंमतच परत यायची. म्हणून हिशेब आपणच ठेवलेला बरा. प्रत्येक पॅरामबरोबर चार आकडे जपा: कुठून, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत. नवा बदल करायचा तेव्हा:

भाग = (आता − कधीपासून) / (कधीपर्यंत − कधीपासून), ० ते १ मध्ये बांधून
किंमत = कुठून + (कुठे − कुठून) × भाग
कॅन्सल-शेड्यूल्ड-व्हॅल्यूज(आता)
सेट-व्हॅल्यू-ॲट-टाइम(किंमत, आता)
लिनिअर-रॅम्प-टू-व्हॅल्यू-ॲट-टाइम(नवं लक्ष्य, आता + अवधी)

आणि चारही आकडे नव्याने लिहून ठेवा. गुणोत्तराच्या रॅम्पला दुसऱ्या ओळीत कुठून × [(कुठे/कुठून) चा ‘भाग’ इतका घात] येईल. या पाच ओळींचं एक फंक्शन करून सगळीकडे तेच वापरा. मी कॅन्सल-अँड-होल्डच्या वाटेला जात नाही ते यासाठीच.

भरतीचा वक्र

पुळणीवर राहणाऱ्याला ठाऊक असतं की पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, मध्यावर झपाट्याने, माथ्याशी पुन्हा हळू. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं लागतात आणि तो आलेख कोसाइनच्या जवळ जातो. (भरतीच्या वेळेसाठी किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीचा तोंडी हिशेब अजून चालतो: अष्टमीला आठचे पाऊणपट, म्हणजे सहाच्या सुमाराला.)

असा मनाजोगता आकार सेट-व्हॅल्यू-कर्व्ह-ॲट-टाइमने काढता येतो. किमतींची फ्लोट-३२ ॲरे, सुरुवातीची वेळ आणि अवधी दिला की दोन किमतींच्या मधलं अंतर ब्राउझर सरळ रेषेने भरतो. किमान दोन किमती लागतात. तीसेक बिंदूंत कोसाइन पुरेसा गुळगुळीत येतो. पेजवर सहा तास कोण थांबणार, म्हणून मी भरती चाळीस सेकंदांत आणतो आणि फिल्टरची फ्रीक्वेन्सी ५०० वरून १,४०० वर याच वक्राने नेतो.

वक्राच्या अवधीत त्याच पॅरामवर दुसरी कुठलीही नोंद घुसवली तर नॉट-सपोर्टेड-एरर येते. आधी पुसा, किंमत वक्रावरून स्वतः मोजून नांगर टाका, मगच पुढे जा.

हीच पद्धत दोन आवाजांच्या अदलाबदलीला कामी येते. उधाणाचा एक आवाज आणि भांगाचा (लहान भरतीचा) दुसरा, एक उतरवत दुसरा चढवायचा. दोन्हीकडे सरळ रेषा लावल्या तर मध्यावर ०.५ आणि ०.५ येतात. दोन वेगळ्या खळखळाटांची एकत्र शक्ती तिथे सुमारे ३ डेसिबलने खचते आणि समुद्र क्षणभर मागे गेल्यासारखा वाटतो. एकाला कोसाइन आणि दुसऱ्याला साइनचा पाव वळसा द्या. मध्यावर दोन्ही ०.७०७ राहतात आणि खड्डा पडत नाही.

एकामागे एक लाटा

प्रत्येक लाटेच्या तीन नोंदी: नांगर, तीन सेकंदांचा सरळ चढ, आणि माथ्यापासून सेट-टार्गेटने उतार, टाइम-कॉन्स्टंट दीडेक सेकंद. दोन लाटांतलं अंतर आठ ते बारा सेकंदांत यादृच्छिक ठेवा. अगदी नियमित लाटा यंत्रासारख्या वाटतात.

तासभराच्या लाटा एकदम लिहून ठेवू नका, मग भरतीची पट्टी हलवल्यावर सगळं पुसून परत लिहावं लागतं. सेटटाइमआउटने अधूनमधून उठायचं, पुढच्या थोड्या सेकंदांत सुरू होणाऱ्या लाटा वेळापत्रकात लिहायच्या आणि परत झोपायचं. तालवाद्यासारख्या नेमक्या कामात २५ मिलिसेकंदांनी उठून १०० मिलिसेकंद पुढचं लिहितात. गाजेला एवढी घाई नाही. मागच्या टॅबमध्ये ब्राउझर टायमरला सेकंदातून एकदाच उठू देतो, म्हणून निदान तीन सेकंद पुढचं लिहिलेलं असू द्या. नवी लाट सुरू होताना आधीचा उतार पूर्ण संपलेला नसतो, तेव्हा नांगराची किंमत सेट-टार्गेटच्या सूत्रानेच काढा: लक्ष्य + (सुरुवात − लक्ष्य) × ई चा उणे (गेलेला वेळ/टाइम-कॉन्स्टंट) घात.

सगळ्या लाटा एकाच वेळी लहान-मोठ्या करायच्या असतील तर कॉन्स्टंट-सोर्स नोड घ्या आणि त्याचं आउटपुट अनेक पॅरामना जोडा. जोडलेला सिग्नल पॅरामच्या स्वतःच्या किमतीत मिळवला जातो, तिची जागा घेत नाही. म्हणून त्या गेनची मूळ किंमत आधी ० करा, नाहीतर आवाज अपेक्षेपेक्षा १ ने जास्त भरेल.

कानावर न सोडता तपासा

ऑफलाइन-ऑडिओ-कॉन्टेक्स्ट स्पीकरशिवाय, असेल तेवढ्या वेगाने सगळा आवाज बफरमध्ये काढून देतो. त्यात १ किमतीचा कॉन्स्टंट-सोर्स तुमच्या गेनमधून सोडा, वेळापत्रक लावा, स्टार्ट-रेंडरिंग बोलवा. हातात येतो तो तुमच्या गेनचा नमुन्यागणिक आलेख. लागोपाठच्या दोन नमुन्यांतला सर्वांत मोठा फरक शोधा. ४८,००० हर्ट्झला १० मिलिसेकंदांत ० वरून १ वर गेलेल्या रेषेत ४८० नमुने असतात, म्हणजे फरक ०.००२१ च्या आसपास यायला हवा. ०.३ किंवा ०.५ दिसला तर कुठेतरी नांगर सुटलाय. त्या नमुन्याचा क्रमांक ४८,००० ने भागा, नेमका सेकंद मिळेल.

फोनवरची एक गोष्ट मात्र या चाचणीत सापडत नाही. कॉन्टेक्स्ट सस्पेंड झाला, म्हणजे कुणाचा फोन आला किंवा तुम्हीच पेज झाकल्यावर थांबवलं, की करंट-टाइमही थांबतं. परत सुरू झाल्यावर वेळापत्रक सोडलं तिथूनच पुढे चालतं. गाजेला हे सोयीचं आहे. पण पेजवरची भरती आजच्या खऱ्या भरतीबरोबर चालवायची असेल तर कॉन्टेक्स्टच्या स्टेट-चेंज घटनेवर लक्ष ठेवा, रनिंग झाल्यावर डेट-नाऊवरून पाणी आता कुठे असायला हवं ते काढा, जुन्या नोंदी पुसा, नांगर टाका आणि दोन सेकंदांच्या रेषेने तिथे पोचा.